शेजारच्या रुळावरची गाडी

बोरिवली,
जुलैचा पहिला रविवार

प्रिय नंदू,

पंचवटी एक्सप्रेसमधून काढलेले तुझे फोटो मिळाले. सोबतची तक्रारही मिळाली. "सगळीकडे माझंच थोबाड, आणि बाहेरचं सगळं पुसलेलं." खरं आहे. पण त्या 'बाद' फोटोंतला एक मी ठेवून घेतलाय. तुझ्या डोक्यात, अगदी केसांच्या मधोमध, कसाऱ्याचा सिग्नल लाल पेटलाय आणि खाली तुझा पांढरा शर्ट डोंगरावर तरंगतोय. हे असं का झालं ते फोनवर सांगून संपणारं नाही, म्हणून लिहायला बसलो. आज आमच्याकडे जम्बो ब्लॉक आहे, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद, बाहेर पाऊस आहे, वेळच वेळ आहे.

गाडीतून फोटो काढताना काच आणि वेग या दोघांशी भांडू नकोस. कशाला स्थिर ठेवायचं आणि कशाला जाऊ द्यायचं, तेवढं बटण दाबायच्या आधी ठरव. तू ठरवलं नाहीस तर फोन ठरवतो, आणि त्याची आवड यथातथाच असते.

आधी काच. साध्या काचेवर समोरून उजेड पडला की एकेका पृष्ठभागावरून साधारण चार टक्के परत येतो, दोन्ही मिळून आठेक टक्के. तुझ्या एसी चेअर कारला दुहेरी काच, म्हणून तुला तुझी दोन नाकं मिळाली. भर दुपारी हे आठ टक्के कुणाच्या खिजगणतीतही नसतात, कारण बाहेरचं ऊन डब्यातल्या दिव्यांच्या कितीतरी पट. बोगदा आला की बाहेर काहीच उरत नाही आणि मग तेवढंच दिसतं. कॉलेजात असताना पावसाळ्यात काच लावलेली असली, की ठाण्याजवळच्या पारसिकच्या बोगद्यात तू खिडकीत बघून भांग पाडायचास. सव्वा-दीड किलोमीटरचा बोगदा, जेमतेम मिनिट-दीड मिनिट, तेवढ्यात तुझा भांग आणि आमची टिंगल दोन्ही उरकायचं.

प्रतिबिंब नकोच असेल तर उपाय साधे आहेत. लेन्स काचेला जवळजवळ टेकव, भोवती काळं कापड धर, गडद कपडे घाल. फोन पूर्ण दाबून धरू नकोस, काचेची थरथर त्यात उतरते. मोठ्या कॅमेऱ्यावर पोलरायझर, म्हणजे चकाकी गाळणारी काच, लावला आणि काचेकडे तिरकं बघितलं, काचेला काटकोनात धरलेल्या रेषेपासून ५५-५६ अंशांवर, तर प्रतिबिंब बरंच मावळतं. पण गाड्यांच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, असतात आणि पोलरायझरमधून त्यांच्यावर ठिपके-पट्टे दिसू शकतात. एकाच्या बदल्यात दुसरं दुखणं. मी ते यंत्र घरीच ठेवतो. मुळात प्रतिबिंब घालवायचंय कुणाला?

लोकलच्या खिडकीला वर्षानुवर्षं काच असून नसल्यासारखी होती. उघडी खिडकी, गज, आणि तोंडावर वारा. प्रतिबिंबं मिळायची ती फक्त पावसाळ्यात. २०१७च्या नाताळात पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली आणि बंद काचेची लोकल बारमाही झाली. लोकांनी भाड्याबद्दल बोटं मोडली, मीही मोडली, पण फोटोसाठी ही मोठीच सोय झाली. एक गंमत लक्षात ठेव: या दिवसांत एसी लोकलची काच बाहेरून धुकटते. आत थंड, बाहेर दमट, त्यामुळे वाफ बाहेरच्या अंगाला धरते. आतून रुमालाने घासत बसणारे काका रोज दिसतात.

माझी वेळ म्हणजे सूर्य बुडाल्यावरची वीस-बावीस मिनिटं. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. जुलैत मुंबईचा सूर्यास्त सव्वासातच्या पुढे, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात ही वेळ नेमकी ऑफिसं सुटताना येते. सूर्यास्ताला चर्चगेटहून सुटलेली फास्ट वांद्र्याच्या आसपास पोचेपर्यंत सगळा खेळ आटोपतो. सुरुवातीला, मरीन लाइन्स ते चर्नी रोडच्या मध्ये, डावीकडे जिमखान्यांच्या पलीकडे समुद्र दिसतो आणि काच नुसती काच असते. मुंबई सेंट्रल गेलं की समोरच्या माणसाचा शर्ट बाहेरच्या भिंतींवर उमटायला लागतो. दादरला आतलं-बाहेरचं जवळजवळ बरोबरीत येतं. माहीमच्या खाडीवर बाहेर काळं पाणी, आणि त्यावर अख्खा डबा: हँडलांची रांग, दिव्यांच्या पट्ट्या, फोनमध्ये घातलेली तोंडं.

या बरोबरीच्या वेळेचा एक कायदा आहे आणि तुझ्या लाल सिग्नलचं उत्तर त्यातच आहे. आतलं जे उजळ, ते काचेवर उमटतं. आतलं जे काळं, त्याच्यातून बाहेरचं दिसतं. म्हणून तुझ्या शर्टाने डोंगर झाकला आणि केसांनी सिग्नलला वाट दिली. हे एकदा कळलं की माणूस डब्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतो. मी हल्ली काळ्या पाठपिशव्या शोधतो. कुणी पोटाशी काळी बॅग घेऊन बसलेला असला, की त्या बॅगेत परळच्या टॉवरचे दिवे भरता येतात. पांढरे शर्टवाले मात्र माझे वैरी. आणि गाडी कधी तारेतल्या वीज नसलेल्या तुकड्याखालून जाते, न्यूट्रल सेक्शन म्हणतात त्याला, तेव्हा डब्यातले बरेचसे दिवे क्षणभर जातात. त्या क्षणी आतली माणसं पुसली जाऊन बाहेरचं शहर एकदम पुढे येतं. रोजच्या प्रवाशांचं त्याकडे लक्षही नसतं. मी बोट बटणावर ठेवून त्याची वाट बघत असतो.

आता वेग. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, हिशोबाला सोपं म्हणून हाच आकडा घेऊ. शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तेवढा वेळ, एक हजारांश सेकंद ठेवलंस तर तेवढ्या वेळात गाडी दोन सेंटिमीटर सरकते. एक पन्नासांशला चाळीस सेंटिमीटर. एक दशांशला दोन मीटर. पण फोटोत हे सरकणं अंतरावर अवलंबून दिसतं. दोन मीटरवरचा खांब जितका पुसला जाईल, त्याचा शंभरावा हिस्सा दोनशे मीटरवरची इमारत. म्हणून तुझ्या फोटोत रुळाकडेची झाडी हिरव्या शेवया झाली आणि डोंगर मात्र आहे तिथेच राहिला. त्यात काही बिघडलेलं नाही.

दुसरं म्हणजे कोन. खिडकीतून थेट समोर बघितलं तर वस्तू सर्वांत जोरात पळतात. गाडीच्या दिशेला ४५ अंश तिरकं बघितलं, तर रुळापासून तितक्याच अंतरावरच्या वस्तूंचा पळ अर्ध्यावर येतो. यासाठी मला हवेच्या बाजूची विंडो नको असते. उलटी विंडो घ्यावी, गाडीच्या दिशेकडे पाठ करून बसायची. लोक आनंदाने सोडतात ती. मागे जाणारं शहर तिरक्या नजरेत बराच वेळ टिकतं. फक्त तिरक्या काचेत प्रतिबिंब वाढतं, म्हणजे पुन्हा तेच: काय ठेवायचं ते तू ठरव.

आता खरी गोष्ट. लेका, सगळ्यात स्थिर काय असतं ठाऊक आहे? शेजारच्या रुळावरची गाडी.

पश्चिम रेल्वेवर स्लो आणि फास्ट बाजूबाजूने धावतात. अंधेरी सुटली की कधीकधी दोघी काही क्षण अगदी जोडीने जातात. तेव्हा तुझा वेग आणि तिचा वेग एकच, म्हणजे तुमच्या दोघांतला वेग शून्य. शटर एक अष्टमांश सेकंदावर उतरव. एरवी एवढ्या सावकाश शटरने काही म्हणता काही हाती लागत नाही. इथे मात्र समोरच्या खिडकीतल्या माणसाच्या मिशा मोजता येतात, आणि त्याच्या पाठीमागून, त्या गाडीच्या पलीकडच्या दारातून, जोगेश्वरीच्या इमारती उजेडाचे पट्टे होऊन धावताना दिसतात. खाली दोन रुळांमधली खडी धुरासारखी. सगळं जग पळतंय आणि एक मनुष्य शांतपणे शेंगा खातोय. फार वेळ टिकत नाही हे, एक गाडी मागे पडतेच, पण ज्या घटकेला बरोबरी होते ती आधी अंगाला कळते. समोरचा डबा सरकायचा थांबतो. दादर ते परळ-प्रभादेवीच्या पट्ट्यात मध्य आणि पश्चिम रेल्वे जवळजवळ चालतात, तिथे तर दोन वेगळ्या रेल्वेंची शर्यत मिळते. अशा वेळी फोन खिडकीच्या चौकटीवर टेकवू नकोस. चौकट हादरते. कोपरं अंगाशी घे, पाठ सीटपासून सोडव, शरीरालाच धक्के खाऊ दे.

शेजारी गाडी नसेल तर उभ्या माणसाला धरायचं. प्लॅटफॉर्मवरचा एक जण निवड आणि तो जाईपर्यंत कॅमेरा त्याच्यावर फिरवत ठेव. तो स्पष्ट येतो, त्याच्या अलीकडचं-पलीकडचं ओघळतं. पॉल फुस्को नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हे ज्या तऱ्हेने केलंय त्याला तोड नाही. ८ जून १९६८ला अमेरिकन सिनेटर रॉबर्ट केनेडींचं पार्थिव रेल्वेने न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला नेलं, तेव्हा हा 'लुक' मासिकाकडून त्या गाडीत होता. रुळांच्या कडेला लोक निरोप द्यायला उभे होते, आणि याने धावत्या गाडीतून त्या एकेकाला धरून ठेवलं. उजेड कमी होत गेला तसे फोटो जास्त पुसट होत गेले. बघ ते फोटो, शोधले की सापडतात. त्यातली पुसट माणसं पाहिल्यावर 'हललाय' म्हणून फोटो फेकायची तुझी खोड जाईल.

फोनच्या खोड्या थोडक्यात. आडव्या धरलेल्या फोनमध्ये सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे जवळचे खांब तिरके येतात. जुन्या कॅमेऱ्यांत शटरचा पडदा असाच सरकायचा, म्हणून शंभरेक वर्षांपूर्वीच्या मोटारशर्यतींच्या फोटोंत चाकं कलती अंडी दिसतात. उभा धरलास तर खांब सरळ राहतो, पण जाडी बदलते. स्टेशनचा इंडिकेटर हवा असेल तर शटर वेगवान ठेवू नकोस. त्यातले दिवे आळीपाळीने पेटतात, अर्धं 'विरार' येतं आणि अर्धं गायब. नाइट मोड बंद कर. तो अनेक फोटो एकावर एक रचून शहाणपणा करतो, आणि धावत्या गाडीत त्या शहाणपणाची भुतं होतात.

आणि हात बाहेर काढायचा नाही. खांब जवळ असतात हे एक, आणि रुळांकडेला काठी घेऊन बसणारी फटका गँग हे दुसरं. त्यांना तुझा फोन तुझ्याहून आधी दिसतो. दाराच्या दांडीला लोंबकळून पोझ देणारी पोरं दिसली तर फोन खाली घे. आपण काढतो म्हणून ती आणखी बाहेर झुकतात. लेडीज डब्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, शेजारून गेला तरी नाही. काचेत उमटलेला समोरचा माणूस मी चेहरा ओळखू येईल असा काढत नाही. ओळखू आलाच तर त्याला स्क्रीन दाखवतो. बहुतेक जण "अरे, भारी" म्हणतात. एकाने खोडायला लावला, खोडला.

तू मेट्रो तीनबद्दल विचारलं होतंस. २०२५पासून ती आरेहून थेट कफ परेडपर्यंत जाते, आणि आरे सोडलं तर सगळी जमिनीखालून. म्हणजे खिडकी कायमचा आरसा. पहिल्या फेरीत मजा वाटते, मग कंटाळा. बाहेर शहरच नाही, तर काचेत मिसळायचं काय? स्टेशनावर प्लॅटफॉर्मच्या काचेच्या दारांमुळे एकावर एक दोन काचा येतात, तेवढंच काय ते बघण्यासारखं. त्यापेक्षा वर्सोवा-घाटकोपर बरी. ती लोकांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशेजारून जाते. पण तिथे कॅमेरा काढायला मलाच संकोच वाटतो, कुणीतरी आत जेवत असतं.

तर दिवाळीनंतर ये, अंधार सहालाच पडायला लागला की. पंचवटीत उजव्या हाताची खिडकी घे, म्हणजे दादरनंतर पश्चिमेच्या गाड्या शेजारी येतील. गडद शर्ट घाल. संध्याकाळी आपण चर्नी रोडहून उलट चर्चगेटला जाऊ आणि त्याच गाडीत बसून रिटर्न येऊ, समोरासमोरच्या दोन्ही विंडो मिळतात. तिकीट मात्र दोन्हीकडचं काढायचं, तू मागच्या खेपेला हुज्जत घातली होतीस. आणि सिग्नलवाल्या फोटोची मूळ फाइल मेलवर पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे दाबून त्याचा चोथा होतो. मला तो मोठा छापून घ्यायचाय.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं, या वेळी चिवडा जरा जास्त द्या.

तुझा,
अविनाश