रॉकेटमागचे आकडे

संपादक साहेब नमस्कार,

नवी पेठेत चहा पिताना कुणीतरी म्हणतंच, नळाला रोज पाणी नाही अन् हे चंद्रावर पैसे उडवतायत. माझी भाची दिल्लीत अंतराळ खात्याच्या बजेटचं विश्लेषण करते, तिला सांगितलं तर हसली, म्हणाली मामा, चांद्रयान-३ साधारण ६१५ कोटींत झालं. माणसं अंतराळात नेणाऱ्या गगनयानला मात्र २०१८ मध्ये ९,०२३ कोटी मंजूर होते, २०२४ ला २०,१९३ कोटी झाले, कारण त्यात जादा मोहिमा आणि अंतराळ स्थानकाचं पहिलं मॉड्यूल धरलंय. तिचं कामच हे, आकडा का फुगला ते खोदत बसायचं, बजेटच्या दिवशी तर डबा तसाच परत येतो म्हणे. रॉकेट उडाल्यावर टीव्हीवर ह्यांना कुणी दाखवत नाही, तुम्ही तरी छापा की राव!

– एक वाचक, सोलापूर