निनादला, इंग्लंडच्या वाटेवर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

एव्हाना विमान सुटलं असेल. तुझ्या पाठीबद्दल अवाक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तिथल्या क्लबातले म्हातारे तुला त्यांच्या अष्टपैलू इयान बोथमची १९८१ची हेडिंग्लेची कसोटी ऐकवतील, नाबाद १४९. ऐकून घे. मग आपलं वानखेडे सांग. फेब्रुवारी १९८०, आपल्या क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी. आप्पांनी मला नेलं होतं. मधे एक दिवस खग्रास ग्रहणामुळे खेळच नाही. माईने दिवसभर घरात कोंडलं, पिंपात तुळशीची पानं टाकून. इंग्लंड ५ बाद ५८. पंचांनी बाद दिलेल्या टेलरला आपला कर्णधार विशी, म्हणजे गुंडाप्पा विश्वनाथ, याने परत बोलावलं आणि टेलर-बोथमनी १७१ची भागी केली. आप्पा विशीवर करवादत होते आणि टाळ्याही वाजवत होते. बोथमच्या ११४ धावा, वर १३ बळी. शतक आणि दहा बळी एकाच सामन्यात, हे तोवर पुरुषांच्या कसोटीत कुणालाच जमलं नव्हतं.

तुझा आउटस्विंग उशिरा वळतो ना, तेव्हा मला तेच दिसतं. तोंडावर कधी बोललो नाही, ते जाऊ दे.

पण एक बघ. बोथमचे ३८३ कसोटी बळी, त्यातले ३७३ पाठीच्या ऑपरेशनच्या आधीचे. १९८८मध्ये मणके जोडावे लागले. पुढे १९९२पर्यंत खेळला, पण बळी मिळाले फक्त दहा. ऐन भरात असताना कर्णधाराने चेंडू दिला की हा टाकतच राहायचा. दुखतंय हे सांगायला लाज कसली रे? तुझ्या किटबॅगच्या बाजूच्या कप्प्यात गोळ्यांची पाकिटं सापडली, एकात दोनच उरलेल्या. आईला बोललो नाही. काढूनही घेतली नाहीत. दिवसाला किती घेतोस?

झालं, सुरू झालं माझं. माफ कर. तू लहान नाहीस, आणि मी काही डॉक्टर नाही.

तरी त्या माणसाचं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? १९८५मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांसाठी निधी गोळा करायला तो स्कॉटलंडच्या टोकापासून कॉर्नवॉलच्या टोकापर्यंत चालत गेला. तेही त्याच पाठीवर! बघ, फिरून तिथेच आलो.

मेतकूट निळ्या डब्यात आहे. पैशांचं दादाशी बोललोय, तू संकोच करू नकोस. एमआरआयची सीडी पासपोर्टच्या पाकिटात घातली आहे. तिथल्या फिजिओला पहिल्याच दिवशी दाखव, दुखत नसलं तरी.

तुझा,
बाबा