लेकींना घेऊन निघालेल्या बापानं जायचं कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. रब्बीचं पाणी सुरू झालं की जळालेल्या मोटारींची रांग लागते, तेव्हा जेवायलाही सवड नसते. पावसाळ्यात काम कमी. मग श्रावणात मी माझ्या दोन मुलींना घेऊन बाहेर पडतो. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. बायको परिचारिका आहे. तिला रविवारची सुट्टी क्वचितच मिळते, त्यामुळे बहुतेक वेळा आम्ही तिघंच असतो.

गावातलं सगळं पाहून झालंय. मुकुंदराजांच्या समाधीकडची दरी झाली, दासोपंतांची समाधी झाली. हत्तीखान्यातले दगडी हत्ती तर धाकटीच्या ओळखीचेच झालेत. दर वेळी डब्यातली चपाती ती आधी त्यांच्यापुढं धरते, मग स्वतः खाते. यंदा मी सहज बोलून गेलो की वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणातही असेच हत्ती आहेत, आणि ते अख्खं देऊळ वरून खाली कोरत आणलंय. त्या दिवसापासून रोज रात्री एकच प्रश्न, ‘पप्पा, कधी जायचं?’

मंगळवारी वेरूळ बंद असतं, म्हणून रविवारी पहाटे एसटीनं निघालो. छत्रपती संभाजीनगरला मुलींच्या मावशीकडं मुक्काम करायचा आणि सोमवारी लेणी पाहायची, असं ठरलं होतं. दोघींचं अर्धं तिकीट, पूर्ण तिकीट माझं एकट्याचं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाड्यांमध्ये मायलेकींची गर्दी किती वाढली ते मी डोळ्यांनी पाहतोय. परळीला, तुळजापूरला, माहेरी, बाया आता मोकळेपणानं निघतात. ही फार चांगली गोष्ट झाली. पण गाडीतून उतरल्यावर त्यांनी जायचं कुठं, हा प्रश्न आहे तिथंच आहे.

वाटेत एका मोठ्या बसस्थानकावर गाडी दहा मिनिटं थांबली. नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच आहे. धाकटीला लघवीला लागली होती. पुरुषांच्या बाजूला तिला नेणं शक्यच नव्हतं. एका ओळीत उभे असलेले पुरुष, खाली साचलेलं पाणी, तिथं सहा वर्षांच्या पोरीला कुठला बाप नेईल? बायकांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही, जाऊही नये. दारातल्या माणसाला पैसे दिले आणि थोरलीबरोबर तिला आत पाठवलं. आत दिवा नव्हता. दाराला कडी नव्हती, म्हणून थोरली बाहेरून दार धरून उभी राहिली. आणि धाकटी आत घसरून पडली.

तिचं रडणं मला बाहेर ऐकू येत होतं. थोरली ‘पप्पा, पप्पा’ करत होती आणि मी उंबऱ्याबाहेर उभा. एक पाऊल पुढं टाकलं तर आतल्या बाया ओरडल्या. त्यांचं काही चुकलं नाही, माझ्या मुली आत असताना कुणी परका माणूस शिरला असता तर मीही ओरडलो असतो. शेवटी डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, ‘थांब लेकरा, मी बघते.’ त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं, आत जाऊन पोरीला उचलून आणलं, नळावर तिचे पाय धुतले. गुडघा सोललेला, फ्रॉक भिजलेला. तिकडं कंडक्टर गाडी सुटल्याचं ओरडत होता. त्या मावशींचं गावही मला विचारता आलं नाही.

पुढं धाकटीनं पाण्याला तोंड लावलं नाही. शहागडला पुलावर गंगा, म्हणजे गोदावरी, आली, दोघी एरवी खिडकीला चिकटतात, त्या दिवशी ती माझ्या मांडीवर गप्प पडून होती. सोमवारी कैलास लेण्यात हत्ती समोर होते आणि ही डोकं दुखतंय म्हणून पायरीवर बसली. पाण्याची बाटली पुढं केली की म्हणायची, ‘नको, मग लागंल.’ घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ताप, लघवीला आग. लघवीची तपासणी केली तर जंतुसंसर्ग निघाला. बायकोनं मला समजावून सांगितलं की मुलींची मूत्रनलिका आखूड असते, त्यामुळं जंतू लवकर वर चढतात, आणि पाणी न पिता लघवी दाबून ठेवली की त्रास वाढतो. औषधानं आठवड्यात पोरगी बरी झाली. पण थोरली आता कुठंही निघायचं म्हटलं की आधी विचारते, ‘पप्पा, तिथं कडी आहे का?’

लोक सांगतात, बायकोला बरोबर न्यायचं. रविवारी रुग्णांना कुणी पाहायचं मग? आणि ज्या लेकरांना आईच नाही त्यांनी काय करायचं? कुणी म्हणतं, लहान तर आहे, गाडीमागं बसवायचं. थोरली नऊ वर्षांची आहे हो. माझ्या दुकानात येणारा एक शेतकरी आपल्या थकलेल्या आईला दर महिन्याला दवाखान्यात आणतो. तिला हाताला धरून बसवावं लागतं. त्याचीही हीच अडचण आहे, तोही दारातच अडतो.

मुंबईत २०११ साली बायकांनी ‘राइट टू पी’ नावानं चळवळ उभी केली, तेव्हा निदान मोठ्या शहरांत या विषयावर उघड बोलणं सुरू झालं. आपल्याकडं अजून लाजच आड येते. अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या आयांसाठी बसस्थानकांवर हिरकणी कक्ष करायचं कुणाला तरी सुचलंच ना? तसाच एक कुटुंबासाठीचा संडास-बाथरूम हवा. एकच खोली, तिचं दार थेट बाहेर उघडणारं. बापाला लेकीला घेऊन जाता यावं, मुलाला म्हाताऱ्या आईला, बायकोला पॅरालिसिस झालेल्या नवऱ्याला. आत दिवा, पाणी, न घसरणारी फरशी, धरायला दांडी, आणि एक कडी लेकरांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. बाया-मुलींकडून लघवीचे पैसे घेऊ नयेत. बसस्थानकं, तीर्थक्षेत्रं, लेणी, बागा, जिथं जिथं कुटुंबं जातात तिथं हे व्हावं. एकदम सगळीकडं होणार नाही हे मला कळतं. तालुक्याच्या एका स्थानकापासून सुरुवात करा.

दिवाळीच्या सुट्टीत मुलींना पैठणला न्यायचंय, जायकवाडीचं धरण दाखवायचंय. त्याआधी आमच्या भागातल्या कुठल्याही स्थानकप्रमुखांनी परवानगी दिली, तर तिथल्या महिलांच्या बाजूची वायरिंग, दिवे आणि प्रत्येक दाराच्या कड्या मी माझ्या खर्चानं बसवून देईन. बायांची गर्दी नसताना, रात्री येऊन करीन. बल्ब गेला तर पुन्हा येऊन बदलीन. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
दोन मुलींचा बाप,
अंबाजोगाई, जि. बीड