पहिल्या नियमाचं भांडण

प्रिय दिन्या,

किती दिवसांत पत्र नाही, रागावला असशील. मी बरा आहे, गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

वर्गात गतीचा पहिला नियम सांगितला. एक मुलगी उठली, "सर, बल नसलं तर वस्तू चालतच राहते, हे पाहिलंय कुणी?" सगळे हसले, मी मात्र हललो. कुणीच पाहिलेलं नाही रे! घर्षण कुठे सुटतंय? गॅलिलिओनंही ते विचारानंच गाठलं. उतारावरून सोडलेली गोळी समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीला पोचते. चढ कमी केला की लांब जाते. मग चढच नसेल तर? बघ, जे दिसत नाही तिथवर जे दिसतं त्याचं बोट धरून गेला! पुढे ही गती सरळ रेषेतच राहते, हे तत्त्वज्ञ देकार्तनं स्पष्ट केलं.

यावरून आपलं जुनंच भांडण. तुझं ठरलेलं : "पहिला नियम म्हणजे दुसऱ्याचंच पिल्लू, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. बल शून्य घाल, त्वरण शून्य, संपलं!" आपल्या बाळ्यानं वैतागून दिवा मालवला तरी तू ओरडतच होतास. मला ते आजही पटत नाही. गाडी वळताना आपण बाजूला सरकतो, ढकलतं कोण? कुणीच नाही. म्हणजे वळत्या गाडीत बसून दुसरा नियम जसाच्या तसा लागत नाही. तो कुठे उभं राहून लावायचा, हे पहिलाच सांगतो. शिवाय तुझं ते लाडकं समीकरण न्यूटनच्या १६८७च्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात त्या रूपात नाहीच. तिथे 'गतीतला बदल' आहे. त्वरणाची मांडणी पुढे गणिती ऑयलरनं केली. आता बोल!

पण खरी काळजी वेगळीच. तिन्ही नियम एका तासिकेत उरकायला सांगितलंय. तिसऱ्या नियमात न्यूटननं घोडा दगड ओढतो तेव्हा दगडही घोड्याला तेवढाच मागे ओढतो म्हटलं, मग घोडा पुढे जातो कसा, यावरच तासभर भांडण व्हायला हवं. उरकलं तर त्या मुलीला वाटेल, विचारून काही होत नाही. ते मला सहन होणार नाही. मी दोन तासिका घेणार, मग बोलणी बसोत.

तू सुतारकामात तरबेज. गॅलिलिओच्या फळीला बोटभर रुंद खाच होती, आत गुळगुळीत चर्मपत्र, गोळी कठीण ब्राँझची. वेळ तो गळलेलं पाणी तोलून मोजायचा. तशा दोन फळ्या करून दे. एकीचा चढ बदलता यायला हवा, खाच तासून घे.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. फळ्यांचं लगेच कळव.

तुझा,
विन्या