टॉम अँड जेरीतलं संगीत दाबू नका

संपादक महोदय,

परवा नातवासोबत टॉम अँड जेरीची जुनी कार्टून्स बघत होतो, आणि मधेच डोळे मिटले तरी गोष्ट कळते हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लक्षात आलं, म्हणजे टॉमचं दबकत येणं, घसरणं, आपटणं सगळं ऑर्केस्ट्राच सांगतो! हे काम संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांचं. टॉम अँड जेरी घडवणारे हॅना-बार्बेरा सगळ्यांना माहीत, पण ब्रॅडलींचं नाव टायटलमध्ये येऊन जातं आणि कोणी वाचतही नाही, याचं खरंच वाईट वाटतं. १९४७ चं 'द कॅट कॉन्सर्टो' बघा, टॉम पियानोवर संगीतकार फ्रांझ लिस्टची 'हंगेरियन रॅप्सडी' ही रचना वाजवतोय, आत जेरीची झोपमोड झालीय, संवाद एकही नाही, आणि त्याला ऑस्कर मिळालं. सगळी चित्रं हाताने काढलेली, तीही थिएटरात मोठ्या सिनेमाआधी दाखवायला. १९५७ मध्ये एमजीएम या सिनेमा कंपनीने ही कार्टून्स बनवणारा आपला स्टुडिओच बंद केला.

हल्ली मात्र टीव्हीवर यावर हिंदी बडबड चढवतात आणि खालचं संगीत दबून जातं. चॅनलवाल्यांना कळकळीची विनंती, निदान जुनी कार्टून्स तरी मूळ आवाजात दाखवा.

– एक आजोबा, सातारा