बी फॉर्म फाइलला, चार्जर पार्किंगला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारी आणि जुलै महिना आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ठरलेला मेसेज पडतो, फायर ऑडिट झालं, बी फॉर्म सबमिट केला. खाली आठ-दहा अंगठे, दोन नमस्कार, विषय संपला. 2006 च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे बिल्डिंगमधली आगीची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची आहे, आणि लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तसं सर्टिफिकेट घेऊन वर्षातून दोनदा फायर ब्रिगेडला द्यायचं असतं, तोच हा बी फॉर्म. कायदा चांगला आहे, वेळ पडली तर बिल्डिंगची वीज-पाणी तोडायचे अधिकारसुद्धा त्यात अधिकाऱ्यांना दिलेत. माझं म्हणणं एवढंच की हा फॉर्म बघतो त्या वस्तू आणि आज आग जिथून लागू शकते त्या वस्तू यांची आता ताटातूट झालीय.

मी पिंपरी-चिंचवडच्या भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आयुष्य काढलं, त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर आधी बोर्डाकडे आणि वायरीकडेच जाते, घरचे वैतागतात. मोशी, चऱ्होली, रहाटणी, वाकड, कुठल्याही सोसायटीच्या पंपरूममध्ये सहज जाऊन बघा. फायर पंपाचा सिलेक्टर स्विच ऑटोवर पाहिजे, तो मॅन्युअलवर असतो. का, तर लाइनला कुठेतरी बारीक लिकेज असतं, प्रेशर उतरलं की जॉकी पंप, म्हणजे लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, रात्री-बेरात्री आपोआप सुरू होतो, पहिल्या मजल्यावरचे काका झोपमोड झाली म्हणून तक्रार करतात, मग वॉचमन स्विच फिरवून मोकळा होतो. लिकेज काढायला पैसे लागतात, स्विच फिरवायला काही लागत नाही. आगीच्या पाण्याच्या नळीचा, म्हणजे होजचा, बॉक्स उघडला तर तिच्या तोंडाचं नोझल गायब, कारण ते धातूचं असतं आणि भंगारात त्याला भाव आहे. टाकीचं तर विचारूच नका, आपल्याकडे 2019 पासून दिवसाआड पाणी, एप्रिल-मे मध्ये टँकर परवडेना झाला की फायरचं राखीव पाणी हळूच वापरात घेतलं जातं आणि कमिटीत ते सगळ्यांना माहीत असतं. आणि तरीही फॉर्मवर सगळं ओके. एजन्सीचा पोरगा येतो, प्रेशर गेजचा फोटो काढतो, जातो. आमच्याकडे आलेला तर जिना चढून वरसुद्धा गेला नाही.

हे झालं जुनं दुखणं. आता नवीन बघा.

मागच्या चार-पाच वर्षांत पार्किंगचं रूपच पालटलं. इलेक्ट्रिक स्कूटर आल्या, डिलिव्हरीच्या पोरांच्या भाड्याच्या गाड्या आल्या, काही सोसायट्यांत गार्डन-क्लबहाउससाठी बॅटरीवरच्या गाड्या फिरतात. माझा ई-गाडीला अजिबात विरोध नाही, इलेक्ट्रिक चेतक तर आपल्या आकुर्डीतच बनते, या शहराने तिला नावं ठेवायचं कारण नाही. प्रॉब्लेम गाडीचा कमी आणि आपण तिला जोडतो त्या बोर्डाचा जास्त आहे. एका पार्किंगमध्ये मी स्वतः पाहिलं, कॉमन लाइटच्या पॉइंटवरून सहा अँपिअरचा टॉप (प्लग) काढलेला, त्याला एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डाला दुसरा बोर्ड, आणि त्यावर दोन स्कूटर रात्रभर. बोर्ड लटकतोय पाण्याच्या पाइपला सुतळीने बांधून, खाली कोणाची तरी जुनी गादी आणि दिवाळीचे पुठ्ठ्याचे खोके. स्कूटरच्या चार्जरचा लोड तसा फार नसतो, गीझरपेक्षा कमीच, म्हणून लोकांना वाटतं काय होतंय. पण गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो, हा चार्जर चार-पाच तास सलग चालतो, आणि तेवढा वेळ टॉपचा एखादा लूज कॉन्टॅक्ट तापत राहिला तर प्लास्टिक वितळायला लागतं. त्यात कोणी स्वस्तातला चार्जर आणतो, 48 व्होल्टच्या पॅकला 60 व्होल्टचा लावतो, पिन बसली म्हणजे झालं! बॅटरीतलं कंट्रोल सर्किट चांगलं असेल तर वाचते, नसेल तर वाचत नाही.

2022 मध्ये वसईत घराच्या हॉलमध्ये स्कूटरची बॅटरी काढून रात्री चार्जिंगला लावली होती, तिचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा भाजून गेला. त्याच वर्षी पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले, डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले, त्यामुळे नंतरच्या गाड्या बऱ्याच बऱ्या आहेत. पण आधीच्या गाड्या कुठे गेल्या? त्या पार्किंगमध्येच आहेत, आणि त्यांच्या बॅटऱ्या आता म्हाताऱ्या झाल्यात.

आणि अशा वेळी आपल्या कमिट्या काय करतात तर बोर्ड लावतात, "पार्किंगमध्ये ई-वाहन चार्जिंगला सक्त मनाई". हा तर सगळ्यात घातक उपाय. पार्किंगमध्ये बंदी घातली की माणूस गाडी विकत नाही, बॅटरी काढून लिफ्टने वर घरात नेतो आणि हॉलमध्ये सोफ्याशेजारी, बऱ्याचदा दाराजवळच लावतो. म्हणजे धोका उघड्यावरून उचलून थेट घराच्या एकमेव दरवाजाजवळ. त्यापेक्षा मोकळ्या जागेत, जिन्यापासून आणि मीटर रूमपासून लांब, स्वतंत्र मीटर, वेगळी एमसीबी आणि आरसीसीबी (लोड वाढला किंवा करंट गळला की आपोआप पडणारे स्विच) टाकून पक्के पॉइंट द्या की. खर्च येतो हे मान्य, पण लॉबीतल्या इटालियन मार्बलला आपण खर्च करतोच.

लिथियम बॅटरीची आग कशी असते हे लोकांना कोणी नीट सांगितलेलंच नाही. एक सेल तापला की तो शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला, आणि पॅकच्या आत हे चालूच राहतं. लाल सिलिंडरमधली पावडर मारली की वरची ज्वाळा जाते, लोक टाळ्या वाजवतात, आतली उष्णता तशीच असते आणि थोड्या वेळाने, कधी काही तासांनी, परत भडकते. त्याला भरपूर पाणी मारून थंड करत बसावं लागतं. धूर इतका विषारी की दोन-चार दमात माणूस आडवा होऊ शकतो. म्हणून शौर्य दाखवायला जाऊ नका, गाडी पेटली तर लांब व्हा, जिन्याचं दार लावा, 101 ला फोन करा, लिफ्ट वापरू नका. जिन्यात धूर भरला असेल तर त्यातून खाली पळू नका, घरात राहून दाराच्या फटीला ओली चादर लावा आणि बाल्कनीत या. एवढं जरी प्रत्येक घरात माहीत झालं तरी खूप.

ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे काय झालं आठवतंय का? आग लागली तळमजल्याला, पार्किंगमधल्या गाड्या आणि तिथे साठवलेल्या कपड्यांच्या ढिगाला, आणि धूर चढला वर, किमान सात माणसं गेली. म्हणजे वरच्या मजल्यावरचा माणूस ज्या आगीने जातो ती त्याच्या घरातली असेलच असं नाही. आपल्या बिल्डिंगांत केबलचे डक्ट खालपासून वरपर्यंत सरळ असतात, प्रत्येक मजल्यावर ते फायर सीलंटने बंद करायचे असतात, पण इंटरनेटवाला येतो, भोक पाडतो, वायर घालतो आणि जातो, सीलंट कोण भरणार. मग ते डक्ट म्हणजे सरळ धुराडंच की. फायर डोअर आपोआप बंद व्हावं म्हणून बनवलेलं असतं, त्याला आपण झाडाची कुंडी लावून उघडं ठेवतो, हवा यावी म्हणून.

आता फायर ब्रिगेडबद्दल. जवानांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पोपट अडकला, झाड पडलं, पाणी तुंबलं, सगळ्याला त्यांनाच बोलावतात आणि ते येतातही. 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीच्या स्फोटात जे जवान गेले त्यांच्या आठवणीत. एकाच बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरला होता, आग प्रतिबंधाचा याहून मोठा धडा दुसरा नाही. पण सप्ताहातली प्रात्यक्षिकं कधी होतात, तर सकाळी अकराला, शाळेत नाहीतर मॉलमध्ये. तेव्हा सोसायटीत आजी-आजोबा आणि कामवाल्या मावशी असतात. चार्जिंग होतं रात्री. रात्री नऊ वाजता फायर ब्रिगेडची एक गाडी सोसायटीत आणून उभी करा, आमचाच पंप आमच्याच माणसांकडून चालू करून घ्या, आमचाच होज ओढायला लावा. निम्म्या ठिकाणी पाणीच येणार नाही, आणि ते दोनशे लोकांसमोर होऊ द्या, कमिटी दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावते की नाही बघा. शिवाय त्या गाडीच्या ड्रायव्हरलाही कळेल की पेव्हर ब्लॉक आणि कारंजं करून आम्ही गाडी वळायला जागाच ठेवलेली नाही.

आपल्या महापालिकेने चांगलं काम केलंच नाही असं नाही. ऑगस्ट 2023 ला चिखलीच्या पूर्णानगरमध्ये दुकानाला आग लागून आतच झोपलेलं चार जणांचं कुटुंब गेलं, त्यानंतर दुकानं-गोदामांचा सर्व्हे काढला, बचत गटाच्या महिलांना ट्रेनिंग देऊन दारोदार पाठवलं. ही कल्पना मला फार आवडली. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तळवड्याला केकवरच्या स्पार्कल कँडल बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका होरपळल्या. माहिती गोळा करणं आणि शटर उघडायला लावणं यात फरक आहे. कुदळवाडीची भंगार गोदामं वर्षानुवर्षं पेटत होती, 2025 च्या फेब्रुवारीत सगळं पाडून टाकलं, तरी शहरातलं भंगार तयार व्हायचं काही थांबलेलं नाही, ते कुठेतरी जातच असणार. आणि उद्या त्यात या स्कूटरच्या मेलेल्या बॅटऱ्या असतील. त्या वेगळ्या गोळा करायची सोय घंटागाडीवर आहे का, तर मी आमच्या गाडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "काका, सुक्यात टाका."

मागण्या फार नाहीत. बी फॉर्मसोबत एक पान वाढवा, चार्जिंग कुठे होतं, वायर कुठून घेतली, डक्ट बंद आहेत का, पंप ऑटोवर आहे का, आणि त्यावर एजन्सीबरोबर सोसायटीच्या सेक्रेटरीचीही सही घ्या. कुठल्या बिल्डिंगने फॉर्म दिला, कुठल्या नाही याची प्रभागवार यादी महापालिकेच्या साइटवर टाका. फ्लॅट घेणारा माणूस स्विमिंग पूल बघतो तसं तेही बघेल, आणि भाव पडेल या भीतीने जे होईल ते नोटिशीने होणार नाही.

माणसं कमी आहेत हे उत्तर येणार, आणि ते खोटंही नाही. पण महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे मोरवाडीला. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोरांना टेस्टर आणि वायरीतला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर देऊन दोन जवानांबरोबर रात्री पार्किंगमध्ये सोडा, एका महिन्यात अख्ख्या वॉर्डातली लूज कनेक्शनं सापडतील आणि पोरांचं प्रॅक्टिकलही होईल. माझ्यासारखे रिटायर झालेले मेंटेनन्सवाले या शहरात ढिगाने आहेत, आम्ही फुकट येऊ, आमच्याकडे वेळच वेळ आहे. फक्त कोणीतरी बोलवायला पाहिजे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कामगार, मोशी