विलासला, गणपती यायच्या आधी

सातारा,
१६ जुलै

प्रिय विलास,

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. श्रद्धा गेली याचं तुला दुःख नाही. पण सांगलीत विश्रामबागेत मंडपाचे बांबू उतरताना दिसले तरी कानशिलं तापतात, आणि गेल्या वर्षी गुरुजींना पाहुण्यांसमोर जे बोललास त्यावर तुझ्या आई, आमच्या काकू, दोन दिवस धड जेवल्या नाहीत, हे तुला खातंय. दादा विचारतो, "देवच नाही म्हणतोस, मग चिडतोस कुणावर?" त्यानं टोमणा मारला असेल, पण प्रश्न घेण्यासारखा आहे. गणपतीला अजून अवकाश आहे. तोवर त्याचं उत्तर कागदावर काढ.

शंभर पानी वही घे. सलग चार दिवस, रोज पंधरा ते वीस मिनिटं, घड्याळ लावून लिही. काय झालं आणि त्यानं काय वाटलं, दोन्ही लिही. शुद्धलेखन बघू नको, खोडू नको, मागचं वाचू नको. हात अडला तर शेवटचं वाक्य पुन्हा लिही, पुढचं येतं. ही पद्धत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात तपासून पाहिली आणि पुढे अनेकांनी. पहिल्या दोन दिवसांत मन जास्तच खाली बसतं. तिथंच बरेच जण वही मिटतात. म्हणून झोपायच्या आधी लिहू नको. संध्याकाळी लिही आणि मग कृष्णेकाठी चालून ये. चार दिवसांनंतरही आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल तर वही बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा, त्यात कमीपणा नाही.

राग ओकून टाकला की संपतो, असं तू लिहिलंयस. तसं होत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत पिशवीला ठोसे मारणारे लोक काहीच न करता बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. रात्री अकराला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तू लिहितोस ते ठोसेच आहेत. लिहायचंच तर लिही, पण पाठव सकाळी चहा झाल्यावर. बहुतेक वेळा पाठवणार नाहीस.

पाचव्या दिवशी वही उघड आणि लाल पेन घे. प्रत्येक वाक्याचा कर्ता शोध. एकच नियम: "धर्म" हा कर्ता चालणार नाही. धर्मानं माझ्या वडिलांना, अण्णांना मारलं, असं लिहिलं असशील तर ते खोडून खरे कर्ते लिही. एका महाराजानं चार महिने अंगारा दिला. "गोळ्या बंद करा," असं तो म्हणाला. शेजारच्यांनी त्याचा पत्ता दिला. आणि आम्ही ऐकलं. बघ, एका वाक्याची चार झाली, आणि चारींवरचा राग सारखा नाही. शेजाऱ्यांवरचा तर लिहिता लिहिताच निम्मा उतरेल, कारण त्यांना अण्णा बरे व्हायला हवे होते.

महाराजावरचा राग मात्र उतरवायच्या मागे लागू नको. तो रास्त आहे आणि त्याला जागा आहे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अलौकिक शक्तीच्या नावानं फसवणूक केल्यास सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड आहे. या कायद्यासाठी नेमलेला दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा असतो. तारखा, दिलेले पैसे, कुणासमोर दिले, डॉक्टरांचे जुने कागद, गोळ्या कधी थांबल्या, हे एका पानावर क्रमानं मांड आणि वकिलाला दाखव. तक्रार टिकेल की नाही हे तो सांगेल. टिकली नाही तरी ते पान तयार झालं की डोक्यात रोज रात्री भरणारी कचेरी बंद होते, कारण सगळा पुरावा आता बाहेर ठेवलेला असतो.

राहिलं चौथं वाक्य. आम्ही ऐकलं. विलास, माझ्या समजुतीनं तुझा सगळ्यात मोठा राग इथं आहे, आणि तो स्वतःवर असल्यामुळे सोसवत नाही म्हणून गुरुजींवर, काकूंवर, मंडपाच्या बांबूंवर सांडतो.

त्याच्यासाठी वेगळं काम आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, हट्टी विचार तपासून बदलणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. तिचं निम्मं काम आपल्या भाषेत एका अक्षरावर चालतं: च. मला कळायलाच हवं होतं. लोकांनी इतकं भोळं असताच कामा नये. काकूंनी आता तरी सोडलंच पाहिजे. वहीतले असे सगळे "च" हेर आणि वाक्य "च" काढून लिही. मला कळलं असतं तर फार बरं झालं असतं; तेव्हा कळलं नाही. लहानपणापासून घरात जे पाहिलं, वडील बरे व्हावेत म्हणून तेच केलं. रोज तीन वाक्यं पुरे, ती मोठ्यानं म्हण. यात चूक एकच होते: माणूस वाक्य बदलतो आणि लगेच स्वतःला माफ केल्याचं जाहीर करतो. तसं करू नको. "च" गेला की खाली दुःख उघडं पडतं. अण्णा नाहीत, आणि आता ते वर कुठं आहेत असंही म्हणता येत नाही. पुष्कळ जण इथून परत रागाकडे पळतात, कारण रागात अंगात जोर असतो आणि दुःखात नसतो. तू थांब. रडू येईल, येऊ दे.

आता घरचा गणपती. काकूंशी पंधरा दिवस आधी बोल, आदल्या दिवशी मोदकांच्या घाईत नको. तीनच गोष्टी सांग: काय करणार, काय नाही करणार, आणि काय बोलणार नाही. मूर्ती आणणं, मखर, माळा, मंडईतून दुर्वा आणि केवडा, विसर्जनाचा पाट उचलणं हे तुझं. प्राणप्रतिष्ठेला बसणं, संकल्प सोडणं हे दादाचं. गुरुजींना चहा आणि ठरलेली दक्षिणा, वाद नाही. सत्यनारायण असेल तर यजमान म्हणून बसायला आधीच नकार दे. मन राखायला म्हणून बसलास तर कथा संपेपर्यंत दात आवळून बसशील, आणि तो राग उठल्यावर कुणाच्या तरी अंगावर जाईल. प्रसाद मात्र घे. सव्वा पावशेर रव्याचा शिरा काकूंनी पहाटे उठून केलेला असतो.

आरतीच्या वेळी घराबाहेर जाऊ नको. घंटा वाजली की जबडा आवळतो, हे शरीरानं शिकलेलं आहे. घंटा वाजते आणि वाईट काही होत नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसलं तरच ते सुटतं. पळून गेलास तर शिकवण पक्की होते. दाराशी उभा राहा, हातात झांज घे म्हणजे हातांना काम राहील. चार अंक मोजत श्वास आत, सात-आठ मोजत बाहेर, असे दहा. पहिल्या दिवशी एकच आरती. जायचंच असेल तर सुरू व्हायच्या आधी जा, मध्येच नको, कारण मध्येच गेल्यावर जो सुटकेचा निःश्वास येतो तोच पुढच्या वेळी तुला पुन्हा पळवतो. पाचव्या दिवसापर्यंत फरक पडेल. पुढच्या वर्षी पहिल्या आरतीला राग पुन्हा उसळेल, हे आत्ताच लिहून ठेव. मध्ये खंड पडला की विझलेली सवय थोडी परत येते, तसंच असतं ते, आणि दुसऱ्यांदा लवकर विझते.

लाउडस्पीकरचं वेगळं धर. तो त्रास आवाजाचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे (सणाच्या काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देतं), आणि लग्नातल्या डीजेची तक्रार जशी करशील तशीच ही कर, ११२ला फोन करून, देवाधर्मावर एक शब्द न बोलता.

दाभोलकरांना मारलं आणि मी शांत बसू, असं तू रागानं विचारलंयस. ते आमच्या साताऱ्याचे, मला हे वाक्य टोचलं. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात पुलावर त्यांचा खून झाला. त्यानंतर त्यांच्या माणसांनी काय केलं ते आठव. दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर शांतपणे जमत राहिले, आणि वर्षानुवर्षं रखडलेला तोच जादूटोणाविरोधी कायदा लावून धरला. वटहुकूम काही दिवसांत निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. १९८९ला स्थापन झालेल्या त्यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध आहे, तशी धर्माची विधायक चिकित्साही आहे. शांत राहणं म्हणजे गप्प बसणं असं त्यांच्यापैकी कुणी धरलं नाही.

आणखी एक वाईचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वेदशास्त्र शिकून तयार झालेले, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या, माणूस आणि विवेक मध्यभागी ठेवणाऱ्या नवमानवतावादाकडे गेले. तरी धर्मकोशाचं, म्हणजे संस्कृत धर्मशास्त्रवचनांच्या मोठ्या संग्रहाचं, संपादन त्यांनी टाकलं नाही, दशकानुदशकं केलं. जे मानत नाही ते इतक्या बारकाईनं, मन लावून वाचता येतं, हे मला त्यात फार मोठं वाटतं. तुला मनाचे श्लोक दोनशे पाचच्या दोनशे पाच पाठ आहेत आणि तोंडात आले की तू जीभ चावतोस. चावू नको. ती मराठी तुझी आहे, म्हण. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात गाणं होतं तेव्हा ऐकणाऱ्याला कुणी श्रद्धा विचारत नाही.

गुरुवारी तू रिकामा रिकामा फिरतोस, हे वहिनींनी फोनवर सांगितलं. वीस वर्षं उपास आणि संध्याकाळची आरती होती, ती वेळ रिकामी झाली आणि तिथं मोबाइल आला. तुझी बहुतेक भांडणं गुरुवारी रात्रीचीच आहेत, तारखा तपासून बघ. ती वेळ भर. काकूंना पेपर वाचून दाखव, मुलीचं गणित घे, काहीही, पण ठरलेल्या वेळी आणि माणसांबरोबर.

अण्णांच्या तिथीचं विचारलं होतंस. पान दादानं वाढावं, तू त्या दिवशी त्यांच्या नावानं रक्त दे. स्वतःचं देहदान करायचं असेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज भर, पण घरच्यांना समोर बसवून सांग; त्या वेळी निर्णय त्यांच्या होकारावर असतो.

मुलगी विचारते, "बाबा, देव आहे का?" मला वाटत नाही, आजीला वाटतं, तू मोठी होऊन ठरव. एवढंच सांग. आजी खोटं बोलते असं चुकूनही म्हणू नको.

आणि काकूंना औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जायचंय, तू वर्षभर टाळलंस. श्रावणाची गर्दी सुरू व्हायच्या आत एखाद्या साध्या मंगळवारी ने. भिलवडीकडून जा. त्यांचे गुडघे दुखतात, घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात निसरड्या असतात, कृष्णेला पाणी असेल तर खाली उतरवू नको. त्यांना आत सोड, त्यांच्या चपला घेऊन बाहेर झाडाखाली बस. अर्धा तास लागेल. बाहेर आल्या की काय मागितलं ते विचारू नको, आधी पाणी दे.

वहीचे चार दिवस झाले की लिही.

तुझा,
अविनाश